सदर योजनेत आजीचा समावेश नाही

आमची नात १० जानेवारी २०२३ला जन्मली. संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर पेढे वाटत उभा होतो. हात चिकट, मन प्रसन्न. एवढ्यात चिरंजीव जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, जूननंतर काय करायचं?"

"जूननंतर जुलै येतो," मी म्हटलं.

चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी मोबाइलवर हिशेब मांडून ठेवला होता. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सुनेच्या २६ आठवड्यांतले तीन आधीच संपले होते, कारण डॉक्टरीणबाईंनी नवव्या महिन्यात डोंबिवली-दादर लोकल बंद करायला लावली होती. उरले तेवीस. म्हणजे २० जूनला रजा खलास.

"त्या दिवशी बाळ पाच महिने दहा दिवसांचं असेल," चिरंजीव म्हणाले.

बाळ तेव्हा साडेतीन तासांचं होतं.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली निम्मी आवक-जावकच्या टेबलावर. त्यामुळे एका गोष्टीवर माझी श्रद्धा आहे : या देशात एखादा प्रश्न सुटलेला नसेल, पण त्यावर योजना नाही असं होत नाही. "मी शोधतो," असं चिरंजीवांना सांगून घरी आलो, एक कोरी फाइल काढली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'विषय : बालसंगोपन'.

हिनं चष्म्यावरून पाहिलं. "अहो, फाइल कशाला करताय? फिरून फिरून ती माझ्याच टेबलावर येणार आहे."

ही तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निरोप समारंभात तिनं सगळ्यांसमक्ष जाहीर केलं होतं की यापुढे सहा ते दहा वयोगटातल्या कोणत्याही मुलाला ती 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणणार नाही. सहाच्या आतल्यांबद्दल बोलायचं राहून गेलं आणि तिथंच घात झाला.

पाळणाघरांची माहिती एका जागी मिळेल असं सरकारी कार्यालय मला सापडलं नाही, पण मध्य रेल्वेचं आहे. ते रोज सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद लोकलच्या बायकांच्या डब्यात भरतं आणि दादरला विसर्जित होतं. सुनेनं रजेवर असतानाच डब्यातल्या ग्रुपवर एक ओळ टाकली आणि दिवा-मुंब्रा येईपर्यंत सात पाळणाघरांचे पत्ते हजर झाले. नुसते पत्ते नव्हेत, गोपनीय अहवाल. कोणत्या काकू जेवण भरवतात आणि कोणत्या पुढ्यात ठेवतात, कुठल्या पाळणाघरात दुपारी पाहुणे येतात, कुणाच्या घरात मांजर आहे. आमच्या खात्यात असले अहवाल लिहायला वर्ष लागायचं आणि त्यात सगळेच 'चांगले' असायचे.

सातांपैकी तीन आम्ही पाहिली. पहिल्या ठिकाणी तळमजल्यावरच्या एका खोलीत चौदा मुलं आणि एक टीव्ही. "मुलं अगदी शांत असतात हो," त्या बाई म्हणाल्या. होतीही. चौदाच्या चौदा एका कार्टूनकडे अशी बघत होती की मला आमच्या साहेबांच्या मासिक आढावा बैठका आठवल्या. हिनं दारातूनच चप्पल पुन्हा पायात सरकवली.

दुसरं पाळणाघर इंग्रजी नावाचं. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात कॅमेरा. आई-वडिलांना कचेरीत बसून मोबाइलवर मूल बघता येतं म्हणे. महिन्याला १६ हजार, डबा घरचा. प्रवेशाच्या फॉर्मात एक रकाना होता : आपल्या पाल्याविषयी आपलं व्हिजन. चिरंजीव विचारात पडले. सुनेनं पेन घेऊन लिहिलं, 'रात्री सलग चार तास झोपावी.' मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी ते वाचून विचारलं, "घरी आजी आहेत ना?"

तिसऱ्या ठिकाणी आम्ही शिरलो आणि मला तिथंच राहावंसं वाटलं. स्वच्छ फरशी, दोरीवर वाळत घातलेली दुपटी, मऊ भाताचा वास, आणि काकू अशा की मी स्वतः तिथं नाव घातलं असतं. पण जागा नव्हती. बायका दिवस राहिल्या की आधी काकूंकडे नाव घालतात आणि मग सासरी सांगतात. "तुमचा नंबर सहावा," काकू म्हणाल्या.

"आरएसी आहे का?" मी सवयीनं विचारलं.

काकूंनी वही पाहिली. "घरी आजी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग काय घाई?" म्हणून काकूंनी आमच्या नावापुढे बारीकशी खूण केली. आमच्या मागची एक बाई आमच्या पुढे गेली. तिच्या घरी कोणीच नव्हतं, त्यामुळे मला भांडताही येईना.

मग मी कायद्याकडे वळलो. २०१७च्या त्याच दुरुस्तीत पाळणाघराचं कलम होतं : पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं काम करत असतील अशा आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यायचं. मी आनंदानं सुनेला फोन लावला. "तुमच्या ऑफिसात किती माणसं?"

"एक्केचाळीस, बाबा."

नऊ माणसं कमी पडत होती. चहावाला, वॉचमन आणि पाण्याच्या बाटल्या टाकणारा मुलगा धरूनही चव्वेचाळीसच्या वर आकडा जाईना. मी सुचवलं की साहेबांना सांगून आणखी काही जणांची भरती करून घ्यावी. सून म्हणाली, "बाबा, साहेब एक्केचाळीसचे अडतीस करायच्या बेतात आहेत."

पण समजा पन्नास असती, तरी काय झालं असतं ते मी कागदावर मांडून पाहिलं. पाळणाघर ऑफिसजवळ, म्हणजे दादरला. म्हणजे सहा महिन्यांचं बाळ रोज सकाळी डोंबिवलीहून जलद लोकलनं कामावर जाणार. ज्या गाडीत मी चौतीस वर्षांत दोन छत्र्या, एक चष्मा आणि शर्टाची असंख्य बटणं गमावली, त्या गाडीत नातीला सोडायची माझी छाती झाली नसती. आणि पाळणाघर घराजवळ घेतलं, तर कायद्यानं दिलेल्या चार भेटी म्हणजे दादर-डोंबिवलीच्या चार जाऊन-येऊन फेऱ्या. सूनबाईंनी दिवसभरात दुसरं काही केलं नसतं, आणि मासिक पास मात्र पुरेपूर वसूल झाला असता.

ही मधेच म्हणाली, "बापाला किती भेटी?"

मी कलम पुन्हा वाचलं. बापाचा उल्लेख नव्हता.

"मग तुमच्या खात्यात बघा," ही म्हणाली. बघितलं. २०१८च्या जुलैत राज्य सरकारनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मंजूर केली. मी त्याआधी दोन वर्षं निवृत्त झालेला, त्यामुळे प्रश्न तात्त्विकच होता. पण ही रजा पुरुषालाही मिळते असं दिसल्यावर मी उत्साहानं मोठ्यांदा वाचायला लागलो आणि मग हळूहळू आवाज बारीक केला. अट अशी की पत्नी हयात नसावी, किंवा असाध्य आजारानं अंथरुणाला खिळलेली असावी.

ही भाजी निवडत होती. "म्हणजे तुम्ही मूल सांभाळावं यासाठी मी आधी जायला हवं."

"किंवा अंथरुणाला खिळायला," मी शासनाची बाजू मांडली.

फाइल जाड होत चालली होती. १९४८चा कारखाने अधिनियम निघाला. तीसपेक्षा जास्त कामगार बायका असतील तिथं पाळणाघर. मूळ आकडा पन्नास होता, तो १९७६ साली खाली आला. १९९६चा बांधकाम कामगारांचा कायदा निघाला. पन्नासपेक्षा जास्त बायका असतील तर मुलांसाठी खोली. आमच्या खिडकीसमोरच एका जुन्या इमारतीचा पुनर्विकास चालू होता, म्हणून मी अंमलबजावणी बघायला खाली उतरलो. दोन खांबांना जुनी साडी बांधून झोळी केली होती आणि तीत आमच्या नातीच्याच वयाचं एक बाळ झोपलं होतं. झोळीला झोका द्यायला सहा वर्षांची ताई. मी मुकादमाला विचारलं, "इथं बायका किती कामाला?"

"आपल्याकडं नऊ. बाकीच्या दुसऱ्या ठेकेदाराच्या."

आम्ही नवानं हुकलो होतो आणि यांच्या नऊच होत्या. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर धुळीत पडलेली अशीच मुलं पाहिली आणि तिथंच तंबूत पहिलं फिरतं पाळणाघर सुरू केलं. पुढे ते काम मुंबईतही आलं. बाईंनी आधी बायका मोजल्या असत्या, तर तंबू उभा राहिला नसता.

त्या दिवशी घरी येऊन मी फाइलवर टिप्पणी लिहिली : 'जवळपास सर्व कायदे मोठी माणसं मोजतात. मुलं मोजणारे दोनच आढळले.' एक २००५चा रोजगार हमी कायदा : कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच मुलं असली, की त्यांच्यातल्याच एका बाईला मुलं बघण्याचं काम द्यायचं आणि त्याची मजुरीही द्यायची. दुसरा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६चा आदेश : सहा वर्षांखालची चाळीस मुलं असलेल्या वस्तीनं मागणी केली, तर तिला अंगणवाडी मिळालीच पाहिजे. पाच मुलांचा हिशेब मला फार आवडला. मुलं बघणं हे काम आहे आणि त्याला मजुरी आहे, असं मान्य करणारी सरकारी ओळ मी पहिल्यांदाच वाचत होतो. हिला वाचून दाखवली नाही. घरात वातावरण बिघडलं असतं.

मग एकदाची ती योजना सापडली. २००६ साली तिचं नाव राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होतं. २०१७ साली राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं. २०२२ साली ती मिशन शक्तीत गेली आणि 'पाळणा' झाली. बाळाचं बारसं एकदा होतं, योजनेचं तीनदा झालं. पण आत काय आहे बघा : सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास, खाऊपिऊ, झोप, खेळ, तपासणी, एक सेविका आणि एक मदतनीस. २०१७च्या नियमांत फीसुद्धा होती. दारिद्र्यरेषेखालच्यांना २० रुपये, आई-बापांचं मिळून उत्पन्न १२ हजारांपर्यंत असेल तर १०० रुपये आणि त्याच्यावर कितीही असलं तरी २०० रुपये.

मी चिरंजीवांना आकडा सांगितला. "दोनशे? तासाला?" ते म्हणाले.

"महिन्याला."

फोनवर बराच वेळ शांतता होती. मला वाटलं रेंज गेली.

एकच बारीक अडचण. योजना बाळाला सहा महिन्यांचं झाल्यावर घेते, म्हणजे १० जुलैला. सुनेची रजा २० जूनला संपते. मधले वीस दिवस बाळ कोणत्याही कायद्यात बसत नव्हतं. "ते वीस दिवस मी बघते," ही म्हणाली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तिनं त्या वाक्यात केली.

मी प्रमाणपत्रं, झेरॉक्स आणि दोन फोटो घेऊन संबंधित कचेरीत गेलो. तिथला तरुण लिपिक सज्जन होता. त्यानं मला खुर्ची दिली. आमच्या काळी आम्ही देत नसू. तो म्हणाला, "आजोबा, योजना एकदम चांगली आहे. आता अंगणवाडीतच पाळणाघर जोडणार आहेत. देशभरात १७ हजार."

"आमच्या वॉर्डात कधी?"

"वरून पत्र आलं की." मग तो आपुलकीनं पुढे झुकला. "घरी आजी आहेत ना?"

मी एके काळी त्याच्याच बाजूच्या खुर्चीत बसलेला माणूस. 'वरून पत्र' म्हणजे काय हे मला नव्यानं शिकायचं नव्हतं. मी झेरॉक्स परत घेतल्या आणि थेट अंगणवाडी गाठली. रुळांपलीकडच्या वस्तीत दहा बाय बाराची खोली, भिंतीवर मुळाक्षरं, कोपऱ्यात वजनकाटा. सेविकाताईंनी नातीला पाच मिनिटांत तोललं, आकडा मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकरवर चढवला, लसीकरणाचं कार्ड तपासलं आणि राहिलेल्या डोसची तारीख सांगितली. डोंबिवलीत आजवर इतक्या वेगानं माझं एकच काम झालेलं आहे, आणि ते म्हणजे माझा खिसा कापला गेला.

"आणि दिवसभर सांभाळायला?" मी विचारलं.

ताई हसल्या. "आजोबा, आमच्या सहा सेवा," म्हणून त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य आणि पोषणाचं शिक्षण, शाळापूर्व शिक्षण. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली तेव्हापासूनच्या या सहा. तीन वर्षांच्या आतल्यांना आहार घरी न्यायला मिळतो, तीन ते सहाची मुलं इथं येतात, गाणी म्हणतात, गरम जेवतात आणि दुपारी घरी जातात. सरकारनं मुलाचं वजन घेतलं, उंची घेतली, दंडाचा घेर घेतला. 'सांभाळणं' ही सातवी सेवा मात्र यादीत नाही.

"दुपारनंतर आम्हाला रजिस्टरं असतात, गृहभेटी असतात, सर्व्हे असतात, मतदारयाद्या येतात," ताई म्हणाल्या. "घरी आजी आहेत ना?"

मी सावध झालो होतो. "तुमची मुलं कोण बघतं?"

"सासूबाई," ताई म्हणाल्या.

राज्यात एक लाख दहा हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. त्या कोणाच्या जोरावर चालतात ते मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताराबाईंनी असं नव्हतं केलं."

ताराबाई म्हणजे ताराबाई मोडक. हिनं डी.एड.ला असताना १९८३ साली कोसबाडची टेकडी पाहिली आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांना प्रत्यक्ष ऐकलं. त्यानंतर आमच्या घरात कोणत्याही वादाचं अपील कोसबाडलाच जातं. ताराबाई १९४५ साली बोर्डीला गेल्या, बालवाडी काढली, आणि गरिबांची मुलं काही बालवाडीत येईनात. मग बाईच बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणातली म्हणून अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडला गेलं. तिथली मुलं गुरं चारायला जात, तर शाळा कुरणात नेली. आणि थोरल्या मुली येत नाहीत, का, तर कडेवर धाकटं भावंड असतं, असं दिसल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात शेजारी शेजारी मांडली. या मांडणीचं नाव विकासवाडी. ताईनं यायचं, कडेवरचं बाळ पाळण्यात ठेवायचं आणि वर्गात बसायचं.

"म्हणजे कुलूप कुठं आहे ते बाईंनी आधी पाहिलं आणि मग किल्ली केली," ही म्हणाली. "सरकारनं अंगण घेतलं, वाडी घेतली. पाळणा तिथंच विसरले. आठवला तेव्हा त्याची वेगळी योजना केली."

हिचं म्हणणं मी फाइलवर नोंदवलं. आवक क्रमांक दिला.

२० जूनला सून कामावर रुजू झाली आणि त्याच दिवसापासून ही. वीस दिवस संपले. १० जुलैला बाळ योजनेच्या वयात बसलं, पण योजना आमच्या वॉर्डात बसली नव्हती. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळी आली. सून सकाळी पावणेआठला घर सोडी, ती पावणेआठलाच घरी येई. बारा तास. गाडी चुकली तर सव्वाबारा, मेगाब्लॉक नसतानाही. या काळात मी काय करत होतो असं कोणी विचारील, तर मी फाइल अद्ययावत ठेवत होतो.

डिसेंबरच्या ४ तारखेला राज्यातल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी, निवृत्तिवेतन, अशा मागण्या. संप जानेवारीपर्यंत चालला. आमच्या नातीच्या वजनाच्या आलेखात त्या काळात दोन टिंबं गाळलेली आहेत; तिचं वजन मात्र वाढतच होतं. मोर्चाच्या बातम्या ही रोज बघे, एका मांडीवर नातीला घेऊन. तेव्हा मला ज्ञान पाजळायची दुर्बुद्धी झाली.

"त्याचं असं आहे," मी म्हटलं, "सेविका म्हणजे सरकारी कर्मचारी नव्हेत. त्या मानसेवी. त्यांना पगार नसतो, मानधन असतं. केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८पासून सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५०. राज्य त्यात आपली भर घालतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये सांगितलं की यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. तरी..."

"म्हणजे मुलं सांभाळणं हे मानाचं काम आहे म्हणून धन कमी," ही म्हणाली.

"तांत्रिकदृष्ट्या..."

"तुमची ती फाइल द्या."

चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरची फाइल कोणी अशी ओढून नेली नव्हती. हिनं ती रात्री पहिल्या पानापासून वाचली. सकाळी फ्रिजच्या दारावर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, शाळेच्या वळणदार अक्षरांत एक कागद लागला होता. मागण्यांचं निवेदन.

एक : कामाची वेळ 'पाळणा' योजनेप्रमाणे दिवसाला साडेसात तास, महिन्याला २६ दिवस. दोन : योजनेप्रमाणे एक मदतनीस. तीन : गरम ताजा आहार आयता मिळावा, सेविकेनं स्वतः शिजवून स्वतः भरवू नये. चार : कायद्यातल्या चार भेटी बापानं द्याव्यात, त्यांतली एक आंघोळीच्या वेळी. पाच : मे महिन्यात सुट्टी. सहा : 'घरी आजी आहे ना?' हा प्रश्न यापुढे कोणीही घराच्या आत विचारू नये.

सून कागदासमोर उभी राहिली. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. मला वाटलं आता रडारड. तर ती म्हणाली, "आई, मला का नाही सांगितलंत? मी पण सही केली असती." आणि खरंच पर्समधून पेन काढून तिनं सही केली. चिरंजीव मागून आले, त्यांनी क्रमांक चार दोनदा वाचला आणि 'तत्त्वतः मान्य' असं लिहून बाथरूममध्ये गेले. मुलगा माझाच आहे.

राहिला प्रश्न हिशेबाचा. सून घराबाहेर बारा तास, सेविकेचे साडेसात. उरले साडेचार. हे साडेचार तास कोणाचे, अशी चौकशी बैठकीत सुरू झाली, तेव्हा तिघंही माझ्याकडे बघत होते. चौथी रांगत आली आणि तिनं माझ्या लेंग्याची नाडी धरली. माझी नेमणूक एकमतानं झाली.

तेव्हापासून मी मदतनीस आहे. काम सांगतो. दुपटी वाळत घालणं, बाटली उकळणं, वरण-भात कुस्करणं, आणि दुपारी सव्वातीन ते पावणेआठ... म्हणजे कागदावर सव्वातीन ते पावणेआठ, प्रत्यक्षात गाडी येईपर्यंत, नातीच्या मागे घरभर फिरणं. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी कमरेशी इतकी ओळख झाली नव्हती. आवक-जावकचा अनुभव मात्र उपयोगी पडतो. तोंडातून आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, याची नोंद मी चोख ठेवतो.

मानधनाचंही ठरलं. केंद्राच्या दरानुसार मदतनिसाला सेविकेच्या निम्मं. हिचं मानधन अजून मंजूर नाही, त्यामुळे माझं निम्मंही तेवढंच भरतं.

२०२४च्या जूनमध्ये तिसऱ्या पाळणाघराच्या काकूंचा फोन आला. वहीतली आमच्या आधीची मुलं मार्गी लागली होती, एक जण पहिलीत गेला होता, आमचा नंबर कन्फर्म झाला होता. नात तेव्हा दीड वर्षाची झालेली. मी स्पीकर लावला. काकूंनी फी सांगितली, वेळ सांगितली, आणि जाता जाता विचारलं, "म्हणजे अगदी सात वाजता न्यायला कोणी नाही आलं, तर घरी आजी आहे ना?"

हिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आजी आहे," ही म्हणाली. "पण तिची वेळ संपलेली असेल. सातला मदतनीस येतील."